टन, ताटी आणि समाजमंदिर

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा?" आपणही लगेच सांगतो, "दीड टनाचा." हा टन कसला, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो. मशीनचं वजन दीड टन नसतं, नाहीतर ते भिंतीसकट खाली आलं असतं. मग हा टन आहे तरी कसला?

हा टन बर्फाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात थंडावा म्हणजे बर्फ. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात तिथल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, भुशात गुंडाळून जहाजाने जगभर विकायचा. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शाबूत पोचला! पुढे बर्फ बनवणारी यंत्रं आली. ती किती काम करतात हे सांगायला लोकांनी ओळखीचंच माप धरलं. एक टन (तो अमेरिकन, म्हणजे ९०७ किलोचा) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढणारं यंत्र ते एक टनाचं. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी म्हणजे खोलीत रोज दीड टन बर्फ आणून ठेवायचा आणि वितळू द्यायचा, तसं काहीसं.

हे सगळं आठवायला कारण झालं महागावचं. यवतमाळ जिल्ह्यातलं, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं महागाव, आमच्या मावशीचं गाव. तिथे तिच्या वस्तीत एक समाजमंदिर आहे. समाजमंदिर म्हटल्यावर देऊळ डोळ्यांसमोर आणू नका. चार भिंती, वर स्लॅब, एका टोकाला जरा उंच केलेला ओटा आणि मागे सामान ठेवायची एक छोटी खोली. अशी सभागृहं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. बारसं, साखरपुडा, तेरवी, बचत गटाची बैठक, पोलिओचा डोस, पोरांची अभ्यासिका, सगळं तिथेच. तर मावसभावाचा फोन आला. "भाऊ, वर्गणी तं जमून राह्यली, पन हॉलले कितीक टनाचा एसी लागन ते सांगा."

मी म्हटलं, सांगतो. आणि मग हिशोब करता करता दीडशे-दोनशे वर्षं मागे गेलो. तेच इथे मांडतोय. घरच्या मंडळींनी शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल, वर्गणीचा प्रश्न तिथे सुटतो!

ताटी

आमच्याकडे कूलरला तीन बाजूंनी ज्या गवताच्या चौकटी लावतात त्यांना ताट्या म्हणतात. "एप्रिल आला, ताट्या बदलून घ्या," हे वाक्य विदर्भात ज्याने ऐकलं नाही त्याने उन्हाळा पाहिलाच नाही. शब्द फार जुना आहे. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आपल्याला माहीत असतात. ती ताटी म्हणजे झोपडीचं दार, बांबूचं किंवा गवताचं विणलेलं. तीच ताटी वाळ्याची केली, दाराखिडकीत टांगली आणि तिच्यावर पाणी मारत राहिलं की बाहेरची लू आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. मुघलांच्या काळापासून हे चाललं होतं. इंग्रज आले, त्यांनी ते उचललं आणि 'टॅटी' म्हणून आपल्या भाषेत नेलं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ती आहे.

त्याच कोशात आणखी एक मजेदार वस्तू आहे, 'थर्मॅन्टिडोट'. उष्णतेवरचा उतारा! साधारण १८३०-३२ च्या सुमाराला ही वस्तू आली असं कोश म्हणतो. होती काय, तर उफणणीचं यंत्र. धान्यातला भुसा उडवायला जो फिरता पंखा असतो तो एका लाकडी खोक्यात बसवायचा, खोकं खिडकीत लावायचं, बाजूंना ओल्या ताट्या. एक माणूस बाहेर उभा राहून दांडा फिरवणार, दुसरा ताट्यांवर पाणी ओतणार आणि आतल्या साहेबाला गार वारा.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि दांड्याच्या जागी मोटर ठेवा, पाणी ओतणाऱ्याच्या जागी छोटा पंप. झाला आपला पत्र्याचा कूलर तयार! रचना तीच, शब्द तोच. बाहेरची दोन माणसं तेवढी गेली.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला, महागाव त्याच मुलुखातलं. या सगळ्या काळात हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांमधून उन्हाळ्याची सोय एकच असायची. छताला टांगलेला कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि बाहेर व्हरांड्यात दोरी ओढणारा माणूस. साहेब आत, मुन्सफ आत, पक्षकार आत, आणि वारा करणारा बाहेर उन्हाच्या झळांत. त्या दोरीवाल्यांची नावं कुठे सापडत नाहीत. एखादी खोली गार करायची म्हणजे ती उष्णता कुणाच्या तरी अंगावर ढकलायची, हा नियम तिथे अगदी उघडा दिसायचा. आज तो एवढा उघडा दिसत नाही, पण मोडलेला नाही. त्यावर पुढे येतोच.

कापूस

एसीची गोष्ट आपण समजतो तशी माणसांच्या सुखासाठी सुरूच झाली नाही. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली व्यवस्था आखली. दमट हवेत कागद फुगायचा, एकावर एक छापायचे रंग सरकायचे. त्याला कागद सुखात ठेवायचा होता. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली वापरात आणला तो स्टुअर्ट क्रॅमर याने. हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा, सूतगिरण्यांचा इंजिनिअर. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून गिरणीत हवेला ओलावा द्यायचा. धाग्याचं 'कंडिशनिंग' करतात तसं हवेचं कंडिशनिंग.

कापूस आणि कोरडी हवा! हे वाचून वऱ्हाडी माणसाचे कान टवकारणारच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. जमशेटजी टाटांनी मुंबईची दमट, सुतासाठी सोयीची हवा सोडून गिरणी काढली ती नागपुरात, कापसाच्या दारात. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूरच्या कोरड्या हवेवर उपाय म्हणून त्यांनी गिरणीत हवा ओली करणारी यंत्रं बसवली. भारतात त्या बाबतीत एम्प्रेस मिल पहिल्यांपैकी मानली जाते.

म्हणजे आमच्या भागात यंत्राने हवेची काळजी घेतली गेली ती आधी सुताची. माणसांची पाळी फार नंतर आली, आणि तीही पैसे मोजणाऱ्यांची. मुंबईचं रीगल थिएटर १९३३ साली वातानुकूलित म्हणून उघडलं. त्या काळात सिनेमाइतकंच त्या गारव्याचंही तिकीट असायचं. १९५४ साली टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांची मिळून व्होल्टास निघाली, मग ऑफिसं, बँका, हॉटेलं. आणि खेड्यातलं समाजमंदिर? ते या रांगेत कुठेच नव्हतं.

स्लॅब

रांगेत नव्हतं, कारण पूर्वी त्याची एवढी गरजही नव्हती. जुनी घरं धाब्याची किंवा कवेलूची. धाब्याच्या घरात लाकडी सरांवर हात-दीड हात मातीचा थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं अंगणात बाजेवर. घर तापायचं तेव्हा घरात कुणी नसायचं, साधी गोष्ट. चावडी, पार, देवळाचा सभामंडप या गावाच्या बसायच्या जागा एकतर झाडाखाली किंवा चारी बाजूंनी मोकळ्या.

मग स्लॅब आला. धाब्याला दरवर्षी माती लागायची, पावसाळ्यात गळायचं, त्यात साप-विंचू निघायचे. ज्यांनी ते भोगलं त्यांना स्लॅब म्हणजे सुटका वाटली आणि ती होतीच. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. अशा सरकारी निधीतून गावोगाव सभागृहं उभी राहिली, सगळी साधारण एका साच्यातली, पाच-सहा इंचांच्या स्लॅबची. यवतमाळच्या मे महिन्यात काळवंडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो. पाच इंचांतून ती उष्णता चार-पाच तासांत खाली पोचते. म्हणजे संध्याकाळी, नेमकं जेव्हा हॉलमध्ये कार्यक्रम असतो तेव्हा, डोक्यावर शेगडी पेटलेली असते.

आणि तिथे फक्त पंखे. पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं. पण हवाच ४४ अंशांची, म्हणजे अंगापेक्षा गरम असेल, तर वारा अंगाला उलट तापवतो. तरुण माणसाला पुरेसा घाम येतो, तो निभावून नेतो. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहानही कमी लागते. तिथे नुसता पंखा धोक्याचा. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले असं अभ्यासकांनी नंतर काढलं. त्यातूनच २०१३ साली अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्याच २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता.

म्हणून मी भावाला विचारलं, हॉलमध्ये उन्हाळ्यात येतं तरी कोण? तर म्हणाला, "लगन-कार्य तं हायच. पन म्हातारे दुपारले येऊन बसतेत ना भाऊ. पत्र्याच्या घरात जीव जाते."

या एका वाक्याने सगळा हिशोब बदलला. मला वाटत होतं प्रश्न लग्नाच्या पाहुण्यांचा आहे.

हिशोब

समजा हॉल ४० फूट बाय २५, उंची ११. माणसं १००. बाहेर ४४ अंश. आत २६ हवेत.

आता उष्णता कुठून कुठून येते ते मोजू. पहिली माणसं. शांत बसलेला माणूस साधारण ११५ वॅट उष्णता बाहेर टाकतो, काही अंगाची, काही घामाच्या वाफेतून. शंभर माणसं म्हणजे साडेअकरा किलोवॅट. म्हणजे एक किलोवॅटचे साडेअकरा हीटर लावून ठेवल्यासारखं! दुसरं छत, तापलेला काळा स्लॅब, साडेबारा किलोवॅट. तिसरं भिंती-खिडक्या, साडेचार. चौथी ताजी हवा. शंभर माणसं कोंडून ठेवता येत नाहीत, बाहेरची हवा आत घ्यावीच लागते आणि ती ४४ ची असते. तिचे दहा. दिवे-पंखे एक. बेरीज साडेएकोणचाळीस किलोवॅट. भागिले साडेतीन. अकरा टनांच्या वर.

त्यात एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. ४४-४५ मध्ये तोच एसी कमी काम करतो. म्हणून बारा टन धरा. दीड टनाचे आठ एसी, चालू असताना मिळून १२-१३ किलोवॅट वीज, थ्री फेजचं कनेक्शन आणि चार तासांच्या कार्यक्रमाला पन्नासेक युनिट. आठ एसींचे पैसे वर्गणीतून कदाचित जमतीलही. दर महिन्याचं बिल कोण भरणार? बिल थकलं की एसी भिंतीवर शोभेला राहणार आणि खिडक्या मात्र कायमच्या बंद केलेल्या.

आता तोच हॉल कूलरवर घेऊ.

कूलरचं सगळं गणित पाण्याच्या वाफेवर. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता जाते. म्हणजे तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी उडालं की झालं एक टनाचं काम! हवा जितकी कोरडी तितकी ती जास्त गार होऊ शकते. हे मोजायला थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळतात, त्या तापमानाच्या खाली कूलर कधीच जात नाही. मे महिन्यात ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान साधारण साडेएकवीस येतं. चांगल्या ताट्यांचा कूलर त्यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे २६ अंशांची हवा देतो. ताट्या जुन्या, दाबल्या गेलेल्या आणि क्षार धरलेल्या असतील तर तोच कूलर तिशीची हवा देतो. "ताट्या बदलून घ्या" या वाक्यामागे हे चार अंश आहेत.

हॉलची हवा दर दीड मिनिटाला पूर्ण बदलली पाहिजे. ११,००० घनफूट भागिले दीड, म्हणजे मिनिटाला ७,३०० घनफूट. मोठे चार कूलर. स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले तर छतातून येणारे साडेबारा किलोवॅट सातावर येतात. मग २६ ची हवा आत शिरून माणसांमधून, छताखालून फिरून तीस-एकतीसची होऊन बाहेर पडते. बाहेर ४४, आत ३०, वर वारा. हॉल काही थिएटरसारखा होणार नाही, पण शंभर माणसांना जेवण गोड लागेल. वीज लागेल सगळी मिळून एक किलोवॅट. चार तासांना चार युनिट.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. कूलर खिडकीबाहेर हवेत, खोलीत नव्हे. आणि समोरच्या बाजूला अठरा-वीस चौरस फूट खिडक्या उघड्या हव्यात. लोक कूलर लावून "गारवा बाहेर जाईल" म्हणून खिडक्या लावून घेतात. मग तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं आणि शिव्या कूलरला!

पाणी

पण मग पंखेवाल्याचा तो नियम? उष्णता कुणावर तरी ढकलली जातेच, तर इथे कुणावर?

हे चार कूलर तासाला १०५ लिटरच्या आसपास पाणी उडवतील. टाकीत क्षार साचू नयेत म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं, ते धरून चार तासांना पाचशे लिटर. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पाचशे लिटर पाणी म्हणजे काय हे ज्यांनी टँकरमागे पळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. तीस-पस्तीस हंडे. आणि हंडे भरणारं कोण, हेही आपल्याला माहीत आहे. पंखेवाला पुरुष होता, हंडेवाली बाई आहे, एवढाच फरक.

मग एसी बरा? एसीला पाणी लागत नाही असं आपल्याला वाटतं, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर लागत नाही. आपली वीज बरीचशी कोळशावरची. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण तीन-साडेतीन लिटर पाणी जातं, २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांसाठी मर्यादाच साडेतीनची घातली. पन्नास युनिटना पावणेदोनशे लिटर. ते पाणी आमच्या हॉलमागे उडत नाही, चंद्रपूरकडे कुठेतरी शीतक मनोऱ्यातून उडतं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी उरलं नाही म्हणून चंद्रपूरच्या वीज केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते, तेव्हा हे नातं सगळ्या महाराष्ट्राला भारनियमनातून कळलं होतं.

तर कूलर आपलं पाणी जास्त खातो, एसी दुसऱ्याचं पाणी, कोळसा आणि आपले पैसे खातो. फुकट काहीच नाही. मला यातून एवढंच कळलं की आधी उष्णता आत येऊच न देणं सगळ्यात स्वस्त. चुन्याचे दोन हात, पश्चिमेच्या खिडक्यांवर ताट्या किंवा तट्टे, आणि जमलं तर पश्चिमेला दोन कडुलिंब. हे पहिलं, मग मशीन.

पावसाळा, हिवाळा

जूनच्या मध्यावर कूलरचं राज्य संपतं. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याचं तापमान २८ च्या वर जातं, कूलर २९ ची चिकट हवा देतो. तेव्हा कूलरचा पंप बंद, फक्त पंखे. हवा अंगापेक्षा थंड असते, त्यामुळे पंखा तेव्हा खरोखर कामाचा.

हिवाळ्याचं भावाने विचारलंच, "थंडीत हीटर लागन का?" डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे दहा अंशांच्या आसपास होतं, कधी त्याच्या खाली. पण हॉल भरलेला असेल तर हीटर कशाला? उन्हाळ्यात जे साडेअकरा किलोवॅट नको होते तेच आता आपले! काकड्याला पन्नास माणसं जमली, खिडक्या लोटून घेतल्या, की पावणेसहा किलोवॅटची शेगडी आपोआप पेटलेली. फक्त पहाटे अभ्यासाला येणारी दहा पोरं एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुडकुडतात. तिथे हॉल तापवायला पाचेक किलोवॅट लागतील. त्यांना मागच्या छोट्या खोलीत बसवलं तर पाऊण किलोवॅट पुरतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातली शेकोटी आणायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही.

तर भावाला काय सांगितलं

एक, या वर्षी आधी स्लॅबला चुना. दोन, खिडकीबाहेर चार कूलर, दरवर्षी नव्या ताट्या. तीन, मागची १२ बाय १४ ची खोली रिकामी करून तिला एकच दीड टनाचा एसी, 'हॉट अँड कोल्ड' वाला. दहा माणसं, चुना दिलेलं छत, थोडी ताजी हवा, सगळं मिळून साडेचार-पावणेपाच किलोवॅट होतात, दीड टन म्हणजे सव्वापाच. बसतो. ही खोली म्हाताऱ्यांची, बाळंतिणींची, ज्याला दुपारी भोवळ आली त्याची. हिवाळ्यात पहाटे तीच पोरांची अभ्यासिका. तिथे उलटा चालवलेला एसी हीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तेवढीच ऊब देतो. तापमान २६-२७ वर ठेवायचं. बाहेर ४४ असताना २० ची खोली म्हाताऱ्या माणसाला मानवत नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी सगळ्यात जास्त वाद घातला. विदर्भात एकही उन्हाळा कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातमीशिवाय जात नाही. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू कूलरमध्ये पाणी भरणारी बाई किंवा पोरगं. महावितरण दर उन्हाळ्यात जाहीर आवाहन करतं, आपण वाचून पान उलटतो. तेव्हा पक्की अर्थिंग, तीन पिनांचा प्लग, आणि गळती होताच वीज तोडणारं ३० मिलीअँपिअरचं ते यंत्र, इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबी नाहीतर आरसीसीबी म्हणतो, ते बसवल्याशिवाय एकही कूलर सुरू करायचा नाही. पाणी भरायचं ते प्लग काढून. एका कूलरच्या पैशात हे सगळं होतं. पैसे कमी पडले तर तीन कूलर घ्या, पण हे सोडू नका.

भाऊ जरा नाराज झाला. "म्हंजे हॉलले एसी नाई?" त्याच्या मनात लग्नाच्या दिवशीचा, काचा लावलेला, गारेगार हॉल होता, तालुक्यातल्या मंगल कार्यालयासारखा. त्याची चूक नाही. ज्याने जन्मभर पत्र्याखाली उन्हाळे काढलेत त्याला तो गारवा हवासा वाटणारच, आणि पुण्यात बसून त्याला कूलरचं महत्त्व सांगणं मला सोपं आहे. वर्गणीवाल्यांची बैठक अजून व्हायची आहे. तिथे चुना आणि अर्थिंग यांना टाळ्या पडत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. टाळ्या एसीला पडतात, त्याच्याखाली दात्याच्या नावाची पाटी लागते. चुन्यावर कुणाचं नाव लिहिणार?

तरी मावशीने फोन घेतला आणि एकच विचारलं. त्या मागच्या खोलीची किल्ली दुपारी कुणाकडे राहील? टनांच्या सगळ्या हिशोबात हा प्रश्न मला सुचला नव्हता. खोली गार असून कुलूपबंद असली तर काय उपयोग? तेव्हा बैठकीत पहिला विषय तोच ठेवा, असं भावाला कळवलंय. दुपारी बारा ते पाच किल्ली शेजारच्या घरी, एप्रिल ते जून, रोज. हे एकदा ठरलं की मग टनाचं बोलू.